दूरच्या तलावावर कीटकांचे नमुने घेण्याचा एक दिवस

बडोद्याहून पहाटे पाचला निघावे, हालोल आणि शिवराजपूर मागे टाकून जांबुघोड्याच्या रानात शिरावे, कडा तलावाच्या काठी दिवसभर पाण्यातले आणि पाण्यावरचे कीटक शोधावेत आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. (मराठी कानांना ‘कडा’ म्हटले की डोंगराचा कडा आठवतो; येथे ते अभयारण्यातल्या एका लहान धरणाचे आणि त्यामागे साठलेल्या पाण्याचे नाव आहे.) पहिल्यांदा येणारी मुले हा दिवस सहलीसारखा घेतात आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ भरपूर कीटक व जवळजवळ शून्य माहिती असते. एका तलावावर दोघांनी अर्धा तास जाळी फिरवली आणि दुसऱ्यावर पाच जणांनी दोन तास फिरवली, तर दुसऱ्या तलावात अधिक प्रकारचे कीटक मिळणारच. त्यावरून दुसरा तलाव अधिक समृद्ध आहे असे म्हणता येत नाही. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे त्यामागे एकच आग्रह आहे: दर तलावावर, दर वेळी, शोधण्याचे श्रम सारखे असावेत आणि ते किती होते हे कागदावर लिहिलेले असावे.

कोणता तलाव निवडावा

बडोद्याच्या आसपास पाण्याची वाण नाही. शहराच्या पूर्वेला आजवा, म्हणजे सयाजी सरोवर आहे. पण ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे आहे, तेथे परवानगीशिवाय पाण्याला हात लावता येत नाही आणि मगरींची वस्ती असल्यामुळे लावूही नये. डभोईच्या पुढे वढवाणा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९१० साली, सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला आणि आता हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांची तेथे रीघ लागते. कडा तलाव या दोहोंपेक्षा आडवाटेला, साग आणि बांबूच्या रानात आहे. शेतांनी वेढलेला वढवाणा आणि जंगलाने वेढलेला कडा ही जोडी तुलनेसाठी चांगली आहे आणि या लेखात तीच डोळ्यांपुढे ठेवली आहे.

नकाशावर पाहिले की जांबुघोड्याहून बोडेली आणि डभोईमार्गे बडोद्याला परतताना वढवाणा जवळजवळ वाटेवरच येतो, आणि एका दिवसात दोन्ही तलाव उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. सकाळी आठला पाहिलेला तलाव आणि दुपारी तीनला पाहिलेला तलाव यांत जो फरक दिसतो, त्यातला किती तलावांचा आणि किती उन्हाचा, हे नंतर वेगळे काढता येत नाही. एका दिवशी एकच तलाव घ्यावा आणि दुसरा पुढच्या रविवारी, त्याच वेळी, त्याच माणसांसह करावा.

ऋतू ऑक्टोबरचा धरावा. पावसाळ्यानंतर पाणी भरलेले असते, काठावर वनस्पती माजलेली असते, चतुर आणि टाचण्या (चतुरांच्याच जवळचे, सुईसारख्या बारीक अंगाचे कीटक) भरपूर असतात आणि वढवाण्यावर स्थलांतरित बदके व हंस यांची खरी गर्दी अजून झालेली नसते. नोव्हेंबरनंतर तेथे काठाने जाळ्या घेऊन फिरणे म्हणजे लांबून आलेल्या पक्ष्यांना दिवसभर उठवत राहणे होय.

आधीच्या आठवड्यातली कामे

जांबुघोडा हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तेथे मुंगी उचलायची असली तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती आठवडाभरात मिळेल अशा भ्रमात राहू नये. अर्जात कोणत्या पद्धतीने, किती ठिकाणी आणि किती जीव घेणार हे स्पष्ट लिहावे. परवानगीत जेवढे लिहिले असेल तेवढेच घ्यावे. पत्राच्या दोन प्रती काढाव्यात. एक गाडीत आणि दुसरी नोंदवहीत ठेवावी.

दुसरी अडचण केवळ गुजरातेतल्या माणसाला कळेल अशी आहे. कीटक टिकवण्यासाठी मद्यार्क लागतो आणि येथे दारूबंदी आहे. महाविद्यालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या परवान्यावर मिळालेला मद्यार्क गाडीत घालून नेताना बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव, प्रमाण आणि उपयोग लिहिलेला असावा, सोबत विभागप्रमुखांचे पत्र असावे आणि दिवसाला लागेल तेवढाच, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आत, बरोबर घ्यावा. नाक्यावर थांबवलेल्या गाडीत बिनचिठ्ठीची बाटली सापडली तर पाणविंचवाची गोष्ट कोणी ऐकून घेत नाही. साधारण ओळखीसाठी सत्तर टक्क्यांचा मद्यार्क पुरतो. पंचाण्णव टक्क्यांच्या मद्यार्काचे तीन भाग आणि शुद्ध पाण्याचा एक भाग मिसळला की सुमारे एकाहत्तर टक्के होतो, आणि एवढा काटेकोरपणा पुरेसा आहे. डीएनएसाठी नमुने हवे असतील तर मात्र पाणी न मिसळता पंचाण्णव टक्क्यांचाच वापरावा.

सामान फार लागत नाही. इंग्रजी डी अक्षरासारख्या चौकटीची, अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची, लांब दांड्याची पाण्यातली जाळी, उडणारे कीटक पकडण्याची हलकी, खोल पिशवीची जाळी, दोन पांढरे ट्रे, टोकदार आणि मऊ असे दोन चिमटे, दहापट मोठे दाखवणारे भिंग, घट्ट झाकणाच्या तीसेक कुप्या, पाण्याचा तापमापक आणि पाण्याची आम्लता मोजणारा पीएच मीटर, पन्नास मीटरची फीत, थांबघड्याळ, आणि पुठ्ठ्याची वही. ट्रे आणि उडणाऱ्या कीटकांना रंगाने भुलवून पकडण्यासाठी लागणाऱ्या पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या प्लास्टिकच्या वाट्या बडोद्याच्या मंगळ बाजारात स्वस्तात मिळतात. वाट्या घेताना तिन्ही रंगांचा आकार एकच आहे ना, हे पाहावे; नाहीतर कीटक रंगाला भुलले की मोठ्या तोंडाला, हा प्रश्न उरतो. पीएच मीटर आदल्या रात्री पीएच चार आणि सात यांच्या प्रमाणित द्रावणांत तपासून घ्यावा.

पेन्सिल विसरू नये. बॉलपेनाची शाई मद्यार्कात विरघळते. माझ्या उमेदवारीच्या दिवसांतला एका संपूर्ण दिवसाचा ऐवज अशा निळसर पाण्यात कोऱ्या चिठ्ठ्यांसह तरंगताना मी पाहिला आहे, आणि त्या कुप्यांचे पुढे काहीही करता आले नाही. चिठ्ठी जाड कागदाची असावी, पेन्सिलीने लिहिलेली असावी आणि कुपीच्या आत टाकावी. बाहेरून चिकटवलेला कागद पहिल्या ओल्या हाताला निघून येतो. तिच्यावर राज्य, जिल्हा, तलावाचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे तरी हवे. ‘कडा, नमुना ३’ अशी चिठ्ठी लिहिणाऱ्याला पंधरा दिवस समजते, इतरांना कधीच समजत नाही.

उपग्रह नकाशावर तलावाचा काठ आधीच न्याहाळून ठेवावा. बांध कोठे आहे, सांडवा कोठे, ओढा कोठून येतो, उथळ आणि हिरवा भाग कोणता, हे पाहून काठाचे चार अधिवास ठरवावेत: पाणकणसासारख्या उभ्या वनस्पती, पाण्यात बुडालेल्या वनस्पती, कमळ किंवा जलपर्णीची तरंगती पाने आणि उघडा चिखल. प्रत्यक्षात गेल्यावर यांतला एखादा सापडत नाही. मग तो ‘नाही’ असे लिहावे, त्याच्या जागी आपल्याला आवडलेला कोपरा घुसडू नये.

चौघांची वाटणी

चार माणसे हा या कामाचा सोयीचा आकडा आहे. एक जण जाळी धरतो, एक वेळ पाहतो, एक लिहितो आणि चौथा काहीही न करता काठावर उभा राहून पाण्याकडे व गवताकडे लक्ष ठेवतो. विद्यार्थ्यांना ही चौथी जागा फुकट वाटते. “सर, मी नुसता उभा राहू?” असे विचारणाऱ्याला मगरीविषयी सांगावे. विश्वामित्रीच्या खोऱ्यात मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांपर्यंत आल्या होत्या. पण रानातल्या तलावावर गेले की तीच माणसे ते विसरतात. या भागातल्या कोणत्याही मोठ्या पाण्यात मगर नाहीच असे धरून चालू नये. वनरक्षकाला आणि गुराख्याला आधी विचारावे, हिवाळ्याच्या सकाळी ऊन खात पडण्याजोगे उघडे, उतरते काठ टाळावेत, कडेच्या चिखलात पोट घासल्याचे आणि शेपटीचे वळ दिसतात का ते पाहावे आणि शंका आली तर पाण्यात पाय न घालता लांब दांड्याने काठावरूनच काम करावे. अन्यथाही गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये.

सापांचे भय त्याहून खरे आहे, कारण घोणस वाळक्या पानांत दिसत नाही. गमबूट घालावेत, गवतात हात घालण्यापूर्वी दांडा फिरवावा आणि १०८ ला लावायचा फोन कोठून लागतो ती जागा पोहोचल्यावर लगेच हेरून ठेवावी. म्हशी डुंबत असलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरू नये.

जाळी धरणारा माणूस दिवसभर एकच असावा, आणि शक्य असेल तर पुढच्या रविवारी वढवाण्यालाही तोच असावा. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. एकाचा तळ खरवडतो, दुसऱ्याचा वरवर फिरतो. माणूस बदलला तर वहीत तसे लिहावे.

सकाळी सात ते दहा

पोहोचल्यावर पहिले काम जाळीचे नसते. चतुराचे अर्भक, म्हणजे पाण्यात वाढणारे पिल्लू, पुरे वाढले की गवताच्या काडीवर चढते, पाठीवर फाटते आणि त्यातून पंख असलेला चतुर बाहेर येतो; मागे राहते ती कोरडी, पारदर्शक, काडीला घट्ट धरून बसलेली कात. ती सकाळी, वारा सुटण्यापूर्वी शोधावी. काठाचे दहा मीटर आखून घ्यावेत, पाण्याच्या रेषेपासून मीटरभर उंचीपर्यंतच्या प्रत्येक काडीवर आणि दगडावर नजर फिरवावी, त्याला वीस मिनिटे द्यावीत आणि सापडलेल्या काती कोरड्या काडेपेटीत ठेवाव्यात. एकही जीव न मारता मिळणारा हा पुरावा मला या संपूर्ण दिवसातला सर्वांत मोलाचा वाटतो. तलावावर उडताना दिसलेला चतुर कोठूनही आलेला असू शकतो. कात मात्र तो याच पाण्यात वाढला असे सांगते.

याचे महत्त्व पॅन्टाला फ्लेव्हेसेन्स या पिवळसर चतुराकडे पाहिले की पटते. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्यांचे थवे मैदानांवर, रस्त्यांवर, गच्च्यांवर घिरट्या घालताना सर्वांनी पाहिलेले असतात. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. असा प्रवासी ऑक्टोबरात कड्याच्या पाण्यावर शंभराच्या संख्येने दिसला, तर त्यावरून कड्याच्या पाण्याविषयी फारसे काही सिद्ध होत नाही.

काती शोधून झाल्या की वाट्या मांडाव्यात. तीन पिवळ्या, तीन पांढऱ्या, तीन निळ्या अशा नऊ वाट्या, रंग आलटून पालटून, पाच-पाच मीटरवर, काठापासून थोड्या आत, गवताच्या उंचीला दिसतील अशा ठेवाव्यात. त्यांत अर्धे पाणी आणि बिनवासाच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब घालावेत. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि वर बसलेला कीटक बुडतो. तळाशी खडा टाकावा, नाहीतर वाऱ्याने वाटी उलटते. मांडल्याची वेळ लिहावी. या वाट्यांत येणारे जीव मरतात, म्हणून मधमाश्या, गांधीलमाश्या, लहान माश्या यांच्याविषयी खरोखर प्रश्न असेल तरच त्या मांडाव्यात. केवळ चतुर आणि पाणकीटक पाहायचे असतील तर हे काम गाळून टाकावे आणि अपराधी वाटून घेऊ नये.

जवळपास गुरे चारणारा कोणी असेल तर त्याला वाट्या दाखवून ठेवाव्यात. राठवा या आदिवासी समाजातली गुराखी पोरे “शुं पकडो छो?” म्हणून विचारायला येतातच, त्यांना भिंगातून एखादा पाणभुंगा दाखवला की ती दिवसभर राखण करतात, आणि मोरीजवळ पाणी केव्हा आटते, मासे कोणी सोडले, गेल्या वर्षी जलपर्णी होती की नाही, ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळते. एकदा ही खबरदारी न घेतल्याने आमच्या नऊपैकी चार वाट्या शेळ्यांनी तुडवल्या. अशा वेळी नोंद ‘वाट्या ५’ अशी करायची असते, ‘९’ अशी नाही. आणि उरलेल्या पाच कोणत्या रंगांच्या होत्या हेही लिहावे लागते.

पाण्याची मोजमापे आठच्या सुमारास घ्यावीत आणि त्यांच्याशेजारी वेळ लिहावी. विरघळलेल्या प्राणवायूच्या बाबतीत वेळ फारच महत्त्वाची आहे. रात्रभर वनस्पती आणि जीव प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती तो भराभर सोडतात. पंचवीस अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो; शेवाळलेल्या तलावात दुपारी त्याहून जास्त आणि त्याच तलावात पहाटे फारच कमी आकडा येऊ शकतो. वेळ न लिहिलेला प्राणवायूचा आकडा खोडून टाकावा, हे उत्तम.

पाण्यातली तीन मिनिटे

आता जाळी. एकूण तीन मिनिटे, चार अधिवास असतील तर प्रत्येकी पंचेचाळीस सेकंद, तीन असतील तर प्रत्येकी एक मिनिट. हा वेळ जाळी पाण्यात फिरत असताना मोजायचा आहे. ती वर काढून रिकामी करताना, तीत अडकलेली काटकी सोडवताना किंवा सगळे जण एखाद्या मोठ्या पाणभुंग्याभोवती गोळा झालेले असताना घड्याळ थांबलेले असावे. उलट, काहीच लागत नाही म्हणून मिनिट वाढवून देणे हा या कामातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक दोष आहे, कारण तो चांगुलपणाने केला जातो. रिकामी जाळी हीसुद्धा त्या तलावाने दिलेली माहिती आहे.

पाण्यात शिरताना सावली पुढे पडणार नाही अशा बाजूने जावे. जाळीचे तोंड आपल्यापासून पुढे ढकलत मीटरभर नेऊन झटकन परत आणावे, म्हणजे पहिल्या फेरीने हललेले जीव दुसऱ्या फेरीत येतात. पाणकणसाच्या बुंध्यांवर चौकट आपटत वर न्यावी. बुडालेल्या वनस्पतींत जाळी खालून वर उचलावी. चिखलावर मात्र ती दोन-तीन बोटे वर ठेवावी आणि पायाने तळ हलवून उठलेला गाळ गाळून घ्यावा. चौकट गाळात रुतवली तर जाळीभर काळा राबडा येतो आणि त्यातले दहा जीव वेचण्यात उरलेली सकाळ जाते. प्रत्येक अधिवासाचा नमुना वेगळ्या बादलीत ठेवावा. एकत्र केलेला नमुना नंतर वेगळा करता येत नाही. वेगळे नमुने मात्र हवे तेव्हा एकत्र करता येतात.

जेथे चतुर मोजायचे आहेत तो शंभर मीटरचा काठ आधीच ठरवून खुणा करून ठेवावा आणि मोजणी होईपर्यंत त्यावर कोणीही पाय ठेवू नये. आम्ही हे शिकायला दोन फेऱ्या घेतल्या: जाळीवाल्याने सकाळी तुडवलेल्या काठावर दहा वाजता टाचण्या कशा दिसतील?

ट्रेमध्ये काय पाहावे

नमुना ट्रेमध्ये घालून बोटभर स्वच्छ पाणी ओतावे आणि दोन मिनिटे हात न लावता थांबावे. घाईच्या नजरेला तेथे पाला आणि चिखल दिसतो. पाणी स्थिर झाले की तो पाला चालू लागतो. चतुरांची अर्भके मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतात, म्हणून शेवटी पुन्हा एकदा पाहावे. प्रत्येक ट्रेला अर्धा तास द्यावा, अधिक नाही.

चिमटा हाती घेतल्यावर गोंधळ होतो तो बहुधा तीन शेपट्यांचा. टाचणीच्या अर्भकाला टोकाशी पानासारखे चपटे तीन कल्ले असतात आणि पोटाच्या कडांवर काही नसते. मेफ्लाय या अल्पायुषी, नाजूक पंखांच्या कीटकाच्या अर्भकाला दोऱ्यासारख्या शेपट्या, बहुधा तीन, असतात आणि कल्ले पोटाच्या दोन्ही कडांवर असतात. चतुराच्या अर्भकाला बाहेर कल्ले दिसतच नाहीत, कारण ते मलाशयाच्या आत असतात. त्याच वाटेने पाणी जोराने मागे फेकून ते पुढे झेप घेते. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दडवलेला असतो आणि भक्ष्य दिसताच हातासारखा पुढे येतो. लाल, वळवळणाऱ्या, दोऱ्यासारख्या अळ्या न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असून त्यामुळे त्या कमी प्राणवायूच्या गाळातही जगतात. म्हणून त्या सापडल्या एवढ्यावरून तलाव घाण आहे असे म्हणू नये. त्या जवळजवळ सर्वत्र असतात. इतर सगळे नाहीसे होऊन त्याच उरल्या, तर ते विचार करण्यासारखे आहे.

ढेकणांच्या गणातले पाणकीटक आणि भुंगे यांतला फरक तोंडावरून ओळखावा: ढेकणाला टोचायची सोंड असते, भुंग्याला चावायचे जबडे. पाणविंचवाला शेपटीसारखी दिसते ती श्वास घेण्याची नळी आहे, नांगी नव्हे. पाठीवर पोहणारे लहानसे कीटक बोटाला चांगलेच टोचतात, तेव्हा त्यांना चिमट्यानेच उचलावे. डिप्लोनिकस या चपट्या पाणढेकणाच्या नराच्या पाठीवर मादीने चिकटवलेली अंडी ओळीने बसवलेली असतात. असा नर मिळाला तर छायाचित्र घ्यावे, नोंद करावी आणि त्याला होता तेथे सोडावे.

पाणविंचू, पाणढेकूण आणि चतुरांची अर्भके ही सगळी शिकारी आहेत. जिवंत नमुने एका बाटलीत ठेवले तर बडोद्याला पोहोचेपर्यंत तीत एकच धष्टपुष्ट जीव उरतो. ज्यांची ओळख काठावरच कुळापर्यंत पटते त्यांची संख्या लिहून त्यांना सोडून द्यावे. नीट पाहायचे आहेत तेवढेच, दर प्रकाराचे तीन ते पाच, मद्यार्कात घ्यावेत. नवशिक्याने कुळापर्यंतच थांबावे. अर्भकांना जातीचे नाव देण्याची घाई अनुभवी माणसालाही महागात पडते. ब्रिटनमध्ये वाहत्या नद्यांसाठी बनवलेले, कीटकांच्या प्रत्येक कुळाला प्रदूषण सोसण्यावरून दिलेले गुण सरसकट आपल्या तलावांना लावून पाण्याची ‘इयत्ता’ काढण्याची हौसही टाळावी.

दहा ते साडेबारा: काठावरची चाल

ऊन चढले, पाने हलकेच हलतील एवढाच वारा असला की चतुर मोजावेत. ढग आले तर थांबावे. चतुर बसतात आणि आकडा कोसळतो. राखून ठेवलेल्या शंभर मीटर काठाने, पाण्याकडचे दोन आणि जमिनीकडचे तीन मीटर असा पाच मीटरचा पट्टा डोळ्यांत धरून, वीस मिनिटांत चालावे. पुढून येणारे मोजावेत, मागून ओलांडून जाणारे मोजू नयेत, कारण काठाचा ताबा घेतलेला नर त्याच दहा मीटरांत येरझारा घालत असतो आणि बेसावध माणूस त्याला सहा वेळा लिहितो. आधी जात ठरवावी, न जमल्यास ‘लाल चतुर, अनोळखी’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कन्टॅमिनाटा मळक्या पाण्यावरही खुशाल राहतो आणि बहुतेक तलावांवर सर्वांत आधी दिसतो. नर लालभडक असलेला क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, दुसऱ्या चतुरांनाही पकडून खाणारा हिरवट-काळा ऑर्थेट्रम सबायना आणि गवतात खाली राहणारी इश्नुरा सेनेगलेन्सिस ही टाचणी या भागात ओळखीची आहेत. बांधाच्या दगडी तोंडावर मात्र थांबून पाहावे. तेथे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा करड्या ठिपक्यांचा चतुर दगडाशी इतका एकरूप होऊन बसलेला असतो की त्याच्यावर हात ठेवायला गेल्यावरच तो उडतो. जोडी जमलेली असेल तर ‘जोडी’, मादी पाण्यात शेपूट बुडवून अंडी घालत असेल तर ‘अंडी’ असे पुढे लिहावे. सकाळच्या कातीखालोखाल हाच पुरावा.

जेवण सावलीत करावे; थेपले आणि लोणचे सोबत असले की चिमट्याला लागलेला चिखल कोणाला आठवत नाही. ऑक्टोबरचे ऊन दुपारी भाजून काढते, तेव्हा दोन ते तीन या वेळात ट्रे निवडणे आणि चिठ्ठ्या तपासणे ही सावलीतली कामे करावीत. साडेतीनला वाट्या मांडल्या त्याच क्रमाने उचलाव्यात, उचलल्याची वेळ लिहावी आणि प्रत्येक रंगाचे कीटक गाळून, स्वच्छ पाण्यात खंगाळून, वेगळ्या कुपीत घालावेत.

निघण्यापूर्वी वही चौघांनी मिळून एकदा वाचावी. रिकामी चौकट एकही राहू नये: शोधले आणि मिळाले नाही तेथे ‘०’, शोधलेच नाही तेथे ‘–’. पुढे महिन्यांनी तक्ता भरणाऱ्याला या दोन खुणांतला फरक विचारून कळत नाही, कारण तोपर्यंत कोणालाच आठवत नसते. मग पानांची छायाचित्रे काढावीत, म्हणजे वही गाडीत राहिली तरी नोंद हातची जात नाही.

घरी आल्यावर

कुप्या त्याच रात्री पाहाव्यात. कीटकांच्या अंगातले पाणी मद्यार्क पातळ करते, म्हणून दुसऱ्या दिवशी तो ओतून नवा घालावा, आणि कुपीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कीटकांनी भरलेला असेल तर नमुना दोन कुप्यांत वाटावा. आकडे वहीवरून संगणकावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी, लिहिणाऱ्यानेच चढवावेत. त्याचे अक्षर त्यालाच लागते.

जाळी काठावरच एकदा धुतलेली असली तरी घरी ती उलटी करून नळाखाली पुन्हा धुवावी आणि शिवणींत बोट फिरवून पाहावे. तेथे गोगलगाईंची पिल्ले, जलपर्णीचे तुकडे आणि एखादे अर्भक हमखास अडकलेले असते. ते तसेच राहिले तर कड्यातला जीव वढवाण्याच्या ट्रेमध्ये निघेल आणि वढवाण्याच्या यादीत जाईल. जलपर्णी तर यादीत न जाता थेट पाण्यातच जाईल. गमबूट, ट्रे आणि जाळी गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवावीत, आणि पुढच्या रविवारी डभोईच्या रस्त्याला लागताना जाळीला ओलसर वास येत नाही ना, हे गाडीत ठेवण्यापूर्वी नाकाशी धरून पाहावे.